पीएसए १.१ आणि लिव्हरवर गाठी: बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल मत हवंय

कुळागरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे सुपारी, मिरवेल आणि गव्यांच्या उपद्रवावर लिहितो. आज विषय घरचा आहे.

बाबांचं वय ७१, आम्ही सावईवेऱ्याचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली, नळी घालावी लागली आणि तपासण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ३८६, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ४+५=९, बोन स्कॅनवर कंबर, बरगड्या, मांडीचं हाड, सगळीकडे ठिपके. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन दाबणारं ल्युप्रोलाईडचं इंजेक्शन, त्याच कामाची रोजची अबिरॅटेरॉन गोळी आणि सोबत प्रेडनिसोलोन. गुण एवढा आला की पीएसए ०.४ वर उतरला आणि बाबा पुन्हा पहाटे पाटाचं पाणी सोडायला कुळागरात जायला लागले. प्रत्येक रिपोर्टचा आकडा ते दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवतात.

शिगम्यापासून मात्र जेवण जाईना. वजन उतरलं, उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. पीएसए केला तर १.१. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला: कॅन्सर ताब्यात आहे, हे पित्ताचं असणार. पित्तासाठी म्हणून सोनोग्राफी केली आणि लिव्हरवर गाठी दिसल्या. मग सीटी. लिव्हरमध्ये अनेक गाठी, सर्वांत मोठी साधारण लिंबाएवढी. एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) ९४०. बांबोळीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डॉक्टरांचं म्हणणं, लिव्हरच्या गाठीची बायोप्सी लगेच करू.

म्हापशाचे काका आडवे आलेत. सुई लावली की कॅन्सर पसरतो, पीएसए चांगला असताना उगाच कशाला टोचायचं, असं त्यांचं मत. बाबांना विचारलं तर एकच उत्तर, "म्हाका कांयच जावंक ना."

पीएसए एवढा कमी असताना हा प्रोस्टेटचाच कॅन्सर असू शकतो का? आणि बायोप्सी करावी का? कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

---

मांडवीकाठ

वाचून वाईट वाटलं. माझा अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतोय. इथे एक पॅथॉलॉजिस्ट ताई लिहितात, त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

स्लाईडवाली

व्यनि मिळाला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा याला उपचारांचा सल्ला समजू नका. पण तुमच्या डॉक्टरांनी बायोप्सी का मागितली ते मला नीट दिसतंय.

पीएसए हे प्रोटीन प्रोस्टेटच्या पेशी बनवतात, आणि ते बनवण्याचा हुकूम पुरुषी हार्मोनच्या रिसेप्टरमार्फत येतो. कॅन्सर झाला तरी बहुतेक वेळा पेशी हा हुकूम पाळत राहतात, म्हणून आकडा रोगाच्या मागोमाग वरखाली होतो. पण काही पेशी रूप बदलतात, हार्मोनवर जगणं सोडतात आणि त्यासोबत पीएसए बनवणंही सोडतात. मीटर बंद पडला म्हणून घरातली वीज वापरणं थांबत नाही, तसं. आकडा स्थिर राहतो आणि गाठी वाढत राहतात.

दुसरं, जागा. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत आणि लसिकाग्रंथींत जातो हे नेहमीचं. हाडांत तो सहसा घट्ट, पांढुरके डाग करतो. लिव्हरमध्ये मोठ्या गाठी, किंवा हाड पोखरून पडलेली भोकं, किंवा ओटीपोटात पाच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ग्रंथी दिसल्या आणि पीएसए मात्र किरकोळ, तर आमच्याकडे लगेच कान टवकारले जातात. अशा आक्रमक प्रकारासाठी सात निकषांची एक यादी वापरात आहे. एलडीएच किंवा सीईए (कॅन्सरची आणखी एक रक्ततपासणी) दुपटीच्या वर जाणं, कॅल्शियम वाढणं, हार्मोनचा उपचार सहा महिन्यांच्या आत निकामी होणं हेही त्यात येतं. तुमच्या बाबांचा एलडीएच ९४० आहे. प्रयोगशाळेप्रमाणे मर्यादा बदलते, पण २५०च्या आसपास धरा.

आता शक्यता. एक, जुन्याच कॅन्सरने न्यूरोएंडोक्राइन (चेतापेशी आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशींसारखं) रूप घेतलंय. दोन, जुनाच कॅन्सर रूप न बदलता, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर (ॲडेनोकार्सिनोमा) म्हणूनच, लिव्हरमध्ये गेलाय आणि पीएसए कमी बनवतोय. तीन, हा दुसराच कॅन्सर आहे: आतडं, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस. एकाहत्तराव्या वर्षी दोन कॅन्सर असणं काही जगावेगळं नाही. या तिघांचे उपचार एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत आणि सीटीच्या चित्रावरून यातला कोणता हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुकडाच लागतो.

रक्तात टेस्टोस्टेरॉनही करून घ्या. डेसिलीटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असायला हवं. इंजेक्शन नीट लागू पडतंय ना, हे स्वस्तात कळतं.

अवांतर, पण इतर वाचकांसाठी: प्रोस्टेट वाढलंय म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांचा पीएसए साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतो. अशा माणसाचा ३ म्हणजे प्रत्यक्षात ६ धरायचा. रिपोर्ट दाखवताना गोळ्यांची नावं सांगत चला.

---

पेडणेकर_भाऊ

ताईंचा अभ्यास असेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझ्या मावसभावाला चालताबोलता नेलं, सुई लावली आणि दोन-अडीच महिन्यांत माणूस गेला. काका म्हणतात ते अगदीच खोटं नाही. आमच्याकडे एक वैद्य

(उरलेला प्रतिसाद काढला आहे. औषधांची जाहिरात आणि फोन नंबर धाग्यात चालणार नाहीत. – संपादक मंडळ)

---

स्लाईडवाली

भाऊ, तुमच्या मावसभावाबद्दल वाईट वाटतं. पण घटनाक्रम असाही पाहा: माणूस तपासायला नेला तेव्हाच रोग वेगाने धावत होता. सुई लावली नसती तरी तो धावतच राहिला असता, फक्त त्याला नाव मिळालं नसतं. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती विरळ. आणि इथे रोग रक्तातून लिव्हरपर्यंत आधीच पोचलाय.

लिव्हरच्या बायोप्सीत खरी काळजी रक्तस्रावाची असते. म्हणून प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आधी पाहतात. बाबा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा. स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं.

---

डिचोलीचा_जावई

आमच्या सासऱ्यांची गोष्ट उलटी आहे, पण याच माळेतली.

वय ६८. मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ आली. बाकी काही नाही, लघवीची तर जराही तक्रार नाही. एका खासगी ठिकाणी (नाव लिहीत नाही) सुईने थेंबभर पाणी काढून पाहिलं, त्यात काही ठरलं नाही आणि आपल्याकडे गाठ म्हणजे टीबीच, असं म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या चालू, गाठ वाढतेय, काखेतही आली. मग कोणी म्हणालं लिम्फोमा असेल. शेवटी चोर्ला घाटाने बेळगावला नेलं आणि तिथे अख्खी गाठ काढून तपासली. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी एनकेएक्स ३.१ नावाचा डाग लावला. आम्हाला हे नाव पाठ झालंय. पेशींचं केंद्रक तपकिरी झालं. म्हणजे मूळ प्रोस्टेटमध्ये. मग पीएसए केला, तो बाराशेच्या वर!

सासरे डॉक्टरांशी वाद घालत होते: मला लघवी स्वच्छ होते, तुम्ही कुठल्या प्रोस्टेटचं बोलता?

त्यांचं ऑर्किडेक्टमीचं छोटं ऑपरेशन झालं, म्हणजे दोन्ही वृषणं काढली, आणि गोळ्या सुरू झाल्या. गाठी विरघळल्या. अजून व्यवस्थित आहेत, साखळीच्या बाजारात रोज दिसतात. म्हणून मत विचाराल तर: तुकडा घ्या. आमचे महिने वाया गेले ते तुकडा न घेतल्यामुळे.

---

स्लाईडवाली

फार मोलाचा अनुभव. प्रोस्टेटचा रोग कधीकधी लघवीच्या वाटेने कळतच नाही, तो डाव्या बाजूच्या या गाठीतून पहिल्यांदा तोंड दाखवतो. साठीपुढच्या पुरुषाच्या गाठीत ॲडेनोकार्सिनोमा दिसला आणि मूळ सापडत नसेल तर पीएसए आणि एनकेएक्स ३.१ करून पाहणं हा काही शेकड्यांचा किंवा फार तर काही हजारांचा प्रश्न असतो. आणि टीबीसाठी आता जीनएक्सपर्ट आहे. "आपल्याकडे टीबीच" हे निदान नव्हे.

---

कुळागरकर

सर्वांचे आभार. काकांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ते गप्प झाले, पटलं असं म्हणाले नाहीत.

बायोप्सी झाली. सोनोग्राफीवर बघत बरगडीखालून सुई घातली, खट्‌ असा आवाज आला, बाबा दचकले तेवढंच. सिस्टरनी फॉर्मेलिनची बाटली उजेडासमोर धरून तुकडे दाखवले, शिवणाच्या सुईच्या जाडीचे, पांढरट. एवढ्याशातून काय कळणार असं वाटलं. नंतर उजव्या कुशीवर झोपवून ठेवलं, दर थोड्या वेळाने बीपी पाहत होते. संध्याकाळी घरी आलो.

रिपोर्ट यायचाय. तोवर एक शंका. टेस्टोस्टेरॉन १२ आलं. म्हणजे इंजेक्शन चोख काम करतंय. मग रोग वाढला कसा?

---

ओपीडीतला

मेडिकल ऑन्कोलॉजी शिकतोय, नावाने लिहीत नाही.

तुमचा प्रश्नच उत्तर आहे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आक्रसतो. त्यासाठी १९६६चं नोबेल मिळालं. आजही इंजेक्शन, ऑर्किडेक्टमी, अबिरॅटेरॉन, एन्झाल्युटामाइड हे सगळं त्याच एका वाटेवर उभं आहे. आम्ही ती वाट जितकी घट्ट बंद करतो, तितकी ज्यांना त्या वाटेची गरजच नाही अशा पेशींना मोकळं रान मिळतं. टीपी५३ आणि आरबी१ ही जनुकं बिघडलेल्या पेशी यात पुढे असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, हार्मोनला दाद न देणाऱ्या रुग्णांच्या नव्याने घेतलेल्या बायोप्सींत साधारण १७ टक्क्यांमध्ये हे स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन रूप सापडलं. सुरुवातीलाच या रूपात येणारा रोग मात्र अगदी क्वचित, शंभरात एखाद-दुसरा.

याचा अर्थ अबिरॅटेरॉन देणं चुकलं असा काढू नका. ते दिलं नसतं तर ही दोन वर्षं मिळाली नसती.

आणि म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या बायोप्सीवर आजचे उपचार ठरवता येत नाहीत. नातेवाईक म्हणतात, बायोप्सी झालीय ना एकदा? झालीय, पण ती वेगळ्या रोगाची म्हणायची.

---

साखळीची_माई

मी निवृत्त स्टाफ नर्स. डॉक्टर मंडळी रोग सांगतात, मी धावत कधी सुटायचं ते सांगते.

हाडांत पसरलेला प्रोस्टेट असेल आणि पाठीचं दुखणं अचानक वाढलं, रात्री पडल्यावर जास्त, पाय जड वाटायला लागले, जिना चढताना गुडघा वाकतो, कमरेखाली मुंग्या, लघवी पुन्हा तुंबली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. त्याच रात्री कॅज्युअल्टी. मणक्याची गाठ मज्जारज्जूवर दाब देत असते. डेक्सामेथासोन लगेच सुरू होतं, पूर्ण मणक्याचा एमआरआय होतो, मग ऑपरेशन किंवा रेडिएशनचा शेक. चालत आलेला माणूस बहुधा चालत घरी जातो, पाय गेल्यावर आणलेला क्वचितच. वाळपईकडचा एक रुग्ण आठवतो. घरच्यांनी चवथीची आरती होऊ दे म्हणून थांबवलं होतं.

आणखी एक तऱ्हा पाहिलीय. पावसाळ्यात एक गृहस्थ हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग म्हणून आले. प्लेटलेट कमी. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये प्लेटलेट कमी म्हटलं की डोळे मिटून डेंगू. एनएस१ निगेटिव्ह, ताप नाही, तरी डेंगूच्या वॉर्डात. एका ज्युनियर डॉक्टरला फायब्रिनोजेन पाहायची बुद्धी झाली, ते तळाला गेलेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर सगळ्या हाडांत भरला होता आणि त्याने रक्त गोठण्याची यंत्रणाच खाऊन टाकली होती. प्लेटलेटच्या पिशव्या चढवून तेवढ्यापुरतं थांबायचं. खरा फरक पडला तो पुरुषी हार्मोन बंद पाडल्यावर.

---

ओपीडीतला

माई, ही डीआयसीची (रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडण्याची) केस पुस्तकात छापण्यासारखी आहे. एक भर घालतो: अशा वेळी नुसतं ल्युप्रोलाईड देत नाहीत, कारण पहिल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन आधी उसळतं आणि मग पडतं. मज्जारज्जूवर दाब असेल तेव्हाही तेच. डेगारेलिक्स किंवा ऑर्किडेक्टमी. ऑर्किडेक्टमीनंतर बारा तासांच्या आसपास टेस्टोस्टेरॉन तळाला येतं. महागड्या औषधांच्या जमान्यात या वीस मिनिटांच्या ऑपरेशनला लोक नाक मुरडतात, पण निकडीच्या वेळी त्याच्याइतकं भरवशाचं आणि स्वस्त दुसरं काही नाही.

---

कुळागरकर

रिपोर्ट आला. जसाच्या तसा मराठीत उतरवतोय:

लिव्हर, सुईने घेतलेले चार तुकडे. लहान, गडद केंद्रकांच्या, एकमेकींत दबलेल्या पेशी, भरपूर मायटोसिस (पेशींची विभागणी), मधे मृत भाग. सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह. आयएनएसएम-१ पॉझिटिव्ह. क्रोमोग्रॅनिन काही ठिकाणी. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह. पीएसए, एनकेएक्स ३.१ निगेटिव्ह. की-६७ सुमारे ८५ टक्के. निदान: स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. मूळ फुप्फुस की प्रोस्टेट, ते रुग्णाच्या माहितीशी जुळवून ठरवावे.

आता हे फुप्फुस कुठून आलं? बाबांनी जन्मात विडी ओढली नाही. काका म्हणाले, पाहा, आता नवीनच काढलं यांनी.

---

स्लाईडवाली

सिनॅप्टोफायसिन, आयएनएसएम-१ आणि क्रोमोग्रॅनिन हे न्यूरोएंडोक्राइन रूप ओळखायचे डाग. काकांना सांगा, फुप्फुस टीटीएफ-१मुळे आलं. हा डाग फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून रिपोर्टात ती ओळ येतेच. पण स्मॉल सेलच्या बाबतीत त्याची साक्ष चालत नाही. प्रोस्टेटच्या स्मॉल सेलपैकीही जवळजवळ निम्म्यांत तो पॉझिटिव्ह येतो. तसंच पीएसए आणि एनकेएक्स ३.१ निगेटिव्ह आले म्हणून प्रोस्टेट बाद होत नाही, या रूपात ते पुसलेच जातात. हे न सांगता रुग्णाच्या हातात रिपोर्ट देणं मला पटत नाही. रिपोर्ट वाचून घरी किती घोळ होतो ते इथे दिसतंच आहे.

मग ठरवायचं कसं? सीटीत फुप्फुसात काही दिसलं नसेल (तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही), धूम्रपान नाही, आधीचा सिद्ध झालेला प्रोस्टेट कॅन्सर, त्यावर दोन वर्षं हार्मोनचा दाब. माझं मत प्रोस्टेटकडे झुकतं. पुरावा हवाच असेल तर ईआरजी जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली जोडणी फिश (पेशीतली जनुकं रंगवून पाहण्याच्या) तपासणीने शोधता येते. ती सापडली तर मूळ प्रोस्टेटच, फुप्फुसात ती नसते. नाही सापडली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रोस्टेटच्या सगळ्या कॅन्सरमध्ये ती नसतेच. जुन्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मिळवून पुन्हा पाहायला सांगा. कधीकधी तेव्हाच एका कोपऱ्यात या पेशी असतात.

की-६७ ८५ म्हणजे दर शंभर पेशींतल्या ८५ विभागणीच्या चक्रात आहेत. घाई करा.

---

ओपीडीतला

मूळ कुठलं यावर फार दिवस घालवू नका, कारण केमो जवळपास तीच आहे: प्लॅटिनम (सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन) आणि इटोपोसाइड. साधारणपणे तीन दिवस सलाईनमधून, दर २१ दिवसांनी, चार ते सहा फेऱ्या. सिस्प्लॅटिन किडनीला आणि कानांना जड जातं, म्हणून या वयात बरेचदा कार्बोप्लॅटिन निवडतात आणि त्याचा डोस किडनीच्या कामावरून काढतात. शुद्ध स्मॉल सेल नसून मिश्र किंवा नुसता आक्रमक रोग असेल, तर कार्बोप्लॅटिनसोबत डोसिटॅक्सेल किंवा कॅबाझिटॅक्सेल देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कॅबाझिटॅक्सेलला कार्बोप्लॅटिनची जोड दिल्यावर रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ साडेचार महिन्यांवरून ७.३ महिन्यांवर गेला होता. हार्मोनचं इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात, शरीरात जुन्या रूपातल्या पेशीही असतात. डोक्याचा एमआरआय काढायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

एक अप्रिय गोष्ट, कारण तुम्ही मोठे आहात आणि घर तुम्ही चालवता. पहिल्या फेऱ्यांत गाठी झपाट्याने लहान होतात आणि घरात उत्साह येतो. पण बहुतेकांत हा रोग वर्षभराच्या आत पुन्हा उठतो. बाबांना जे ठरवायचंय, कुळागराच्या वाटण्या, सह्या, कोणाला भेटायचंय, ते या चांगल्या महिन्यांत होऊ दे.

---

मांडवीकाठ

ल्युटेशियमचं ऐकलंय. मुंबईला माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना खूप फरक पडला. ते नाही का चालणार?

---

ओपीडीतला

चांगला प्रश्न. ल्युटेशियम-१७७ पीएसएमए हे पेशींच्या पृष्ठभागावरच्या पीएसएमए नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि तिथे किरणोत्सर्ग सोडतं. २०२१च्या व्हिजन चाचणीनंतर ते जगभर रूढ झालं. पण न्यूरोएंडोक्राइन पेशी बरेचदा पीएसएमएसुद्धा टाकून देतात. मग औषध चिकटणार कुठे? म्हणून अशा रुग्णात गॅलियमचा पीएसएमए पेट स्कॅन आणि साखरेचा एफडीजी पेट स्कॅन शेजारीशेजारी ठेवून पाहतात. एफडीजीवर पेटलेल्या गाठी पीएसएमएवर काळोखात असतील तर ल्युटेशियमवर पैसे घालवू नयेत. नुसता पीएसएमए पेट स्कॅन करून "लिव्हर स्वच्छ" म्हणणारा रिपोर्ट अशाच लोकांची फसगत करतो.

---

मडगावची_लेक

माझ्या पप्पांना पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर होता, आणि आत्याला स्तनाचा, दुसऱ्या आत्याला अंडाशयाचा. तीन घरांत तीन आजार, कोणी एका रेषेत पाहिलेच नव्हते. मुंबईच्या जेनेटिक काउन्सेलरने कागदावर वंशावळ काढली आणि तपासणीत बीआरसीए२ या जनुकात दोष निघाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ११.८ टक्के पुरुषांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष सापडला होता. पप्पांना ओलापारिब हे औषध मिळालं, ते २०२०पासून यासाठी मान्य आहे. पण खरा उपयोग आम्हा मुलांना झाला. माझ्यातही तो दोष आहे. मी दर वर्षी स्तनांचा एमआरआय करते. भाऊ चाळिशीतच पीएसए करायला लागला.

कुळागरकरदादा, बाबांची तपासणी जरूर विचारा. असा दोष असेल तर प्लॅटिनमही जास्त चांगलं लागू पडतं. आणि तुम्हाला बहिणी असतील तर त्यांनाही कळायला हवं.

---

कुळागरकर

दोन बहिणी आहेत. रक्त दिलंय, लिव्हरच्या तुकड्यावरही जनुकांची तपासणी सांगितलीय.

बांबोळीला कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडची पहिली फेरी झाली. बाबा दोन दिवस मलूल होते, मग पेज आणि तोर मागायला लागले. उजव्या बरगडीखालचा जडपणा कमी आहे म्हणतात. एलडीएच ९४०वरून ४१० झालाय.

तीन गोष्टी विचारायच्यात. मुंबईला परळच्या टाटात एकदा दुसरं मत घ्यावं असं बहीण म्हणते, तर काय काय न्यायचं? दुसरं, चवथ तोंडावर आली, घरात पंचवीस-तीस माणसं असतात. आणि तिसरं, दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, आई घाबरलीय. तिला वाटतं मॉर्फिन म्हणजे शेवट.

---

डिचोलीचा_जावई

टाटाला जाताना नुसत्या स्लाईड नेऊ नका, मेणाचे ब्लॉक न्या, दोन्ही बायोप्सींचे, जुना आणि नवा. ब्लॉक मिळवायला अर्ज द्यावा लागतो, तो आधीच टाका. सीटीची सीडी, नुसता कागद नव्हे. पीएसएचे सगळे आकडे तारखेसकट. तुमच्या बाबांनी दिनदर्शिकेवर लिहिलेत ते पान फाडून न्या, डॉक्टर खूश होतील. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टिअर एसीत कॅन्सर रुग्णाला तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. कोकणकन्येने जा, खालचा बर्थ मागा, दादरला उतरा. फेऱ्यांच्या मधेच जा, केमोची तारीख चुकवून नको. आणि प्रवास झेपत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर कागद चढवूनही मिळतं.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का तेही बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

---

साखळीची_माई

चवथीचं सांगते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात. ते दिवस चवथीवर येतात का, मोजा. येत असतील तर बाबांनी माटोळीखाली गर्दीत बसू नये, खोलीत वेगळं बसावं, आरतीला दारातून हात जोडले तरी गणपती रागावत नाही. सर्दी-खोकल्याच्या पोरांना दूर ठेवा. थर्मामीटर घरात हवाच. ताप शंभर पॉइंट चारच्या वर एकदा जरी गेला तरी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही, थेट बांबोळी. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन द्यायचं का, ते पुढच्या फेरीला विचारा.

आईंना सांगा, मॉर्फिन दुखण्यावर देतात. माणूस त्यावर नीट झोपतो, जेवतो, फिरतो. २०१४ साली कायदा बदलला म्हणून तर आता मान्यताप्राप्त रुग्णालयांत ते पूर्वीपेक्षा सोपं मिळतं. वेळेवर द्या, दुखल्यावर नको. एकच काळजी घ्या: बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीसोबतच सुरू करा, चार दिवस अडल्यावर नव्हे. दिलंय का लिहून? नसेल तर उद्याच विचारा.

---

कुळागरकर

दिलं नव्हतं. आत्ताच सिस्टरना फोन केला, उद्या सकाळी लिहून देतायत. चवथ नवव्या दिवशी येतेय. बाबांसाठी माडीवरची खोली झाडून ठेवतो. फिशचा आणि जनुकांचा रिपोर्ट आला की इथेच टाकेन.